एकताट

माणसाच्या चेहऱ्यावर फार विसंबू नये, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. पोटात एक आणि ओठात एक, असं आपण उगीच म्हणत नाही. गोदातट विद्यापीठाने पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी पोटालाच पट्टी लावली.

मुलींच्या वसतिगृहात सहवास कार्यक्रम सक्तीचा होऊन तेव्हा दुसरं वर्ष चालू होतं. जागा हवी असेल तर सोबतीण तुम्ही निवडायची नाही, संगणक निवडणार. आणि तो मुद्दाम वेगळ्या जातीची, वेगळ्या धर्माची नाहीतर वेगळ्या भाषेची निवडणार. पहिल्या वर्षी याच्या जोडीला व्याख्यानं होती आणि व्याख्यानांनंतर प्रश्नावली. ‘तुम्ही जात मानता का?’ या प्रश्नाला झाडून सगळ्यांनी ‘नाही’ असं उत्तर दिलं. एवढी संतमंडळी एका छपराखाली नांदत असताना खोल्याखोल्यांत पाण्याचे जग दोन-दोन कशाला, हे मात्र कुणी विचारलं नाही.

म्हणून पट्टी आली. जठराला स्वतःचा ठेका असतो, हृदयासारखाच पण फार संथ, मिनिटाला तीनेक लाटा. या लाटा विजेच्या असतात आणि पोटावर, बेंबीच्या वरच्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीला त्या पकडता येतात. किळस आली की हा ठेका विस्कटतो. चेहरा आवरता येतो, आवाज आवरता येतो, सरावाने श्वासही आवरता येतो. जठर काही ऐकत नाही. डॉक्टरांना हे जुनंच माहीत होतं. नवं एवढंच, की पट्टी आता जखमेवर लावायच्या पट्टीएवढी लहान झाली होती, आणि अन्नामुळे झालेला फरक कोणता व शेजारी बसलेल्या माणसामुळे झालेला कोणता, हे वेगळं काढायचं गणित संगणकाला जमू लागलं होतं.

कुलगुरूंच्या समितीने या पट्टीला जोडून एकताट काढलं. आपल्याकडे उष्ट्याचं प्रस्थ केवढं! पोरं पेरूची फोडसुद्धा फ्रॉकमध्ये धरून चिमणीच्या दातांनी तोडतात, म्हणजे ती उष्टी होत नाही. तेव्हा दर बुधवारी दुपारी खोलीतल्या दोघींनी एका ताटात जेवायचं. (मुसलमान मुलींना यात विशेष काय तेच कळेना, त्यांच्या घरी सणावाराला एका ताटात जेवतातच.) उष्ट्याची किळस बाकी सगळ्यांनाच, म्हणून अधूनमधून आपल्याच जातकुळीतल्या मुलीबरोबर जेवून तुलनेचा आलेख घ्यायचा. दोन आलेखांतला फरक म्हणजे तुमचा दुजाभाव. हिरवा, पिवळा, तांबडा. रंग फक्त तुम्हाला आणि रेक्टरला दिसणार. ओळीने तांबडा येत राहिला तर समितीपुढे सुनावणी, आणि वसतिगृहातली जागा जाऊ शकते.

यावरून विद्यापीठात रण माजलं. ‘सक्ती नको’ गटाचा पुढारी होता सारंग ढोले, कायद्याचा विद्यार्थी; पुढच्या वर्षी मुलांच्या वसतिगृहातही पट्टी यायची होती. तो म्हणे, “माझं वागणं मोजा. वागण्यात चुकलो तर हाकलून द्या. पण माझं पोट तुम्ही कोण मोजणार?” त्याला उत्तर द्यायला दुसऱ्या बाजूने उभी राहायची अन्विता खांबेटे.

अन्विता पुण्याची, समाजशास्त्राची, आणि बोलायला लागली की समोरच्याला घाम फोडणारी. तिच्या आजोबांनी स्वतःच्या लग्नात सहभोजन घातलं होतं. ही हकिगत घरात इतक्यांदा सांगितली जाई, की नेहमीचे पाहुणे ती न अडखळता म्हणून दाखवतील. अन्विता सारंगला म्हणायची, “वागणं तर सगळ्यांचंच गोड असतं. गावात भाड्याने खोली मागायला जा, आडनाव सांगा आणि मग बघा.”

हा अनुभव अर्थातच तिचा नव्हता. तो तिच्या सोबतिणीचा, उत्पला सोनकांबळेचा. उत्पला कंधारकडची. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करायला आली तेव्हा वसतिगृहाची यादी लागायची होती, म्हणून तिने शहरात खोली शोधली. खोली दाखवायचे, चहा विचारायचे, आडनाव विचारायचे, आणि मग ती खोली कालच कुणीतरी घेतलेली असायची. सहवासमध्ये तिला जागा मिळाली तेव्हा तिने पहिल्यांदा दाराला आतून कडी लावली आणि दुपारभर झोपली. एकताटाच्या वादाबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणायची, “मला खोली पाहिजे होती. बाकी तुमचं चालू द्या.”

दोघींचं छान जमलं होतं, आणि हे खरंच जमलं होतं. उत्पला प्राध्यापकांच्या नकला करायची आणि अन्विता हसून हसून खाटेवरून खाली यायची. एकीची ओढणी दुसरीच्या गळ्यात असायची. म्हणून पहिल्या एकताटाला अन्विता निर्धास्त गेली. पिठलं-भाकरी होती. उत्पलाने भाकरी मोडली, ठेचा पिठल्यात कालवला आणि अर्धं पिठलं बोटांनी अन्विताच्या बाजूला सारलं. गप्पा चालल्या होत्या. अन्विता पोटभर जेवली. तिला काही म्हणजे काही जाणवलं नाही.

हात धुऊन तिने फोन पाहिला. तांबडा.

पहिला रंग सरावाचा, तुलनेच्या आलेखाआधीचा, नुसत्या अंदाजाचा; तो धरणार नव्हते. पुढच्याच दिवशी तिने ऋजुता लिमयेबरोबर तुलनेचं ताट घेतलं. तेच पिठलं, तोच ठेचा. ऋजुता तर बोटं चाटत जेवणारी. हिरवा.

अन्विता न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. तिने सगळी कारणं चाळून पाहिली. ठेचा तिखट होता का? दोन्हीकडे तोच होता. भूक नव्हती का? भरपूर होती. शेवटी चाळणीत एकच कारण उरलं. अन्न तेच होतं, हात वेगळा होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की आरशातल्या तोंडाकडे बघवेना. ज्या मुलीच्या खांद्यावर डोकं टाकून ती सिनेमे बघत होती, त्या मुलीची बोटं आपल्या घासाला लागलेली आपल्या पोटाला चालत नाहीत. आणि हे पोट तिला न विचारता, कधीपासून कुणास ठाऊक, असं वागत होतं.

आता ही गोष्ट उत्पलाला सांगायची, की स्वतःशी ठेवायची? माणूस सरळ असेल तर सांगतो. अन्विता हुशार होती. तिने वाचायला घेतलं.

उपाय सोपा निघाला. आल्याने जठराचा ठेका स्थिर राहतो. बस लागणारी माणसं प्रवासाला निघताना आलं चघळतात ती उगीच नव्हे; त्यावर प्रयोगही झालेले होते. विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या दुकानात आलेपाकाच्या वड्या मिळत. पुढच्या बुधवारी जेवायच्या आधी अन्विताने दोन वड्या चावून खाल्ल्या, तोंड धुतलं आणि ताटावर येऊन बसली. हिरवा. त्याच्या पुढच्या बुधवारी हिरवा. या युक्तीचा शोध लावणारी ती काही एकटी नसावी, कारण थोड्याच दिवसांत त्या दुकानात आलेपाक मागितला की दुकानदार हसायचा आणि म्हणायचा, “बुधवारचा संपला.”

दिवाळीनंतर खुल्या रंगमंचावर जाहीर वाद झाला. जानेवारीत विधिमंडळाची समिती येणार होती. इथे कार्यक्रम यशस्वी ठरला तर तो राज्यातल्या सगळ्या वसतिगृहांना लागू होणार होता. म्हणून गर्दी मोठी होती. सारंगने बोलता बोलता अचानक विचारलं, “दुसऱ्यांची पोटं तपासायला निघालेल्या अन्विताताईंची स्वतःची पट्टी कुठल्या रंगाची आहे?”

अन्विताने फोन उंच धरला. हिरवा. पुन्हा पुन्हा हिरवा.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सारंग खाली बसला. पहिल्या रांगेतली उत्पला तेवढ्यात पाणी प्यायला उठून गेली.

महिन्याभराने रेक्टर बोधनकर मॅडमनी उत्पलाला बोलावून घेतलं. ती परत आली आणि कपड्यांच्या घड्या करत बसली.

“काय म्हणाल्या?” अन्विताने विचारलं.

“तांबडा यायलाय मला. सारखाच. शनिवारी सुनावणी आहे.”

“तुला? तुला तांबडा?” अन्विता उठूनच बसली. “पट्टी बिघडली असणार. मी बोलते मॅडमशी.”

“पट्टी धड आहे.”

“मग?”

उत्पलाने हातातला कुर्ता खाली ठेवला. “खरं सांगू का? तुला लागंल.”

“सांग ना.”

“जेवायच्या आधी तू आलेपाक खातीस. लई दिवसांपासून वास यायलाय मला. आधी वाटलं, घसा धरला असंल. मंग मी बी वाचलं, कामून खातेत ते. आता तू ताटावर बसलीस, की तो वास येतो अन् माझ्या पोटात ढवळतंय. किळस येती मला, अन्विता. पट्टी खोटं नाही बोलायली.”

अन्विताला तोंड वर करवेना. “मी ते... कार्यक्रम मोडू नये म्हणून...”

“पहिल्या दिवशी तुला तांबडा आला, ते मला तवाच कळलं होतं. तोंड उतरलं होतं तुझं. मला वाईट नाही वाटलं गं, खरंच. ज्यांनी मला आजवर वेगळा गिलास दिला त्यांनी तोंडावर दिला. म्हणलं, ही बी सांगंल. सांगितलं असतंस तर हसले असते मी. दोघी मिळून हसलो असतो तुझ्या पोटाला.”

अन्विता रडत होती. उत्पलाने तिला रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

“आता एक कर,” उत्पला म्हणाली. “शनिवारी ये अन् सांग, आलं खाते म्हणून. मंग माझा तांबडा कशानं आला ते त्यांना कळंल. मला परत ती खोल्या शोधायची पाळी नको.”

“सांगीन,” अन्विता म्हणाली. “शपथ सांगीन.”

आणि त्या क्षणी ती सांगणारही होती. पण शनिवार लांब होता, आणि विचार करायला वेळ मिळाला की हुशार माणसाची धडगत नसते. तिच्या मनात आलं, आपण आलं खाल्लं हे बाहेर फुटलं तर वसतिगृहातल्या सगळ्याच हिरव्यांवर संशय येईल. समिती येण्याआधीच कार्यक्रम बुडेल. सारंग तर पेढे वाटेल. उत्पलासारख्या कितीतरी मुलींना राज्यभर जागा मिळायच्या आहेत. एका खोलीतल्या भांडणापायी त्यांचं नुकसान का? असं सगळं तिच्या मनात आलं. आजोबांच्या सहभोजनाची हकिगत सांगणारे पाहुणे आता काय म्हणतील, हेही आलं. पण त्याचा तिने विचार केला नाही असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिने पुन्हा वाचायला घेतलं, आणि तिला हवं ते सापडलं.

शनिवारी सकाळी सुनावणीचा हॉल भरलेला होता. मधोमध समितीचे अध्यक्ष, वनस्पतिशास्त्राचे सज्जन म्हातारे प्राध्यापक. शेजारी बोधनकर मॅडम. सारंग आपली माणसं घेऊन आला होता. त्याचा मुद्दा चोख होता. “ज्या मुलींसाठी म्हणून हा कार्यक्रम आणला, त्यांनाच तो बाहेर काढतोय. यापेक्षा अजून काय पुरावा हवा?” उत्पला एका बाजूच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसली होती. अन्विता बोलायला उभी राहिली तेव्हा उत्पलाने तिच्याकडे पाहून हलकीच मान हलवली.

“पट्टीने चूक केली आहे,” अन्विता म्हणाली. “जठराचा ठेका किळस आल्यावर विस्कटतो, हे खरं. पण तो भीतीनेही विस्कटतो. दोन्ही वेळा मेंदूकडून पोटाकडे जाणारी नस तीच असते, आणि आलेख जवळजवळ सारखाच येतो. पट्टीला या दोहोंतला फरक कळत नाही. आपण मात्र माणसं आहोत, आपल्याला कळायला हवा. जिच्या आजीला पाणी लांबून ओतलं गेलं, जिला या शहराने दारादारांतून परत पाठवलं, ती मुलगी जेव्हा माझ्यासारखीच्या ताटात हात घालते तेव्हा तिच्या पोटाला काय होत असेल? ती किळस नाही. ती भीती आहे. आता हाकलतील, आता बोलतील, ही पिढ्यान् पिढ्यांची भीती. उत्पला आम्हाला घाबरते. आणि तिच्या या भीतीबद्दल तिला शिक्षा करायची असेल, तर आधी मला करा.”

शास्त्र म्हणून यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पट्टीला भीती आणि किळस खरोखरच वेगळी ओळखता येत नाही. आणि अन्विता बोललीही फार सुंदर. बोधनकर मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मागच्या रांगेतल्या मुली रडू लागल्या. सारंगनेसुद्धा टाळी वाजवली, अगदी मनापासून, कारण पोरगा प्रामाणिक होता.

अध्यक्ष खुर्चीतून पुढे झुकले. “बाळ, खरं आहे का हे? भीती वाटते तुला?”

उत्पला उठून उभी राहिली. तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण भीती नाही, म्हणजे किळस. आणि किळस, म्हणजे जागा गेली. आल्याचं नाव काढता आलं असतं. पण जिने आत्ता सगळ्या हॉलला रडवलं तिच्यावर, जिच्या नावावर नुसते हिरवे रंग आहेत तिच्यावर, त्याच वेळी आळ घ्यायचा? कोण ऐकणार होतं? सगळी माणसं तिच्याकडे इतक्या मायेने बघत होती, की त्या मायेतून बाहेर पडायला दारच नव्हतं. तिने एकदा अन्विताकडे पाहिलं. अन्विता पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होती.

“हो,” उत्पला म्हणाली.

समितीने तिथल्या तिथे निर्णय दिला, आणि पुढच्या आठवड्यात त्याचा नियम झाला. ज्या विद्यार्थिनींना अशी भीती वाटण्याचा संभव आहे, त्यांना एकताटातून सवलत. कुणाला संभव आहे हे जातीवरून ठरणार, कारण दुसरं कशावरून ठरवणार? त्यांच्यावर पट्टीची सक्ती नाही. हवी तर त्यांना तळमजल्यावर स्वतंत्र खोली, आणि बुधवारी जेवायला वेगळं ताट. सारंगच्या गटाला सक्ती सैल झाल्याचा आनंद झाला. अन्विताच्या गटाला कार्यक्रम वाचल्याचा आनंद झाला. पुढे जानेवारीत विधिमंडळाच्या समितीनेही या ‘संवेदनशील सुधारणेचं’ तोंड भरून कौतुक केलं. आपण फिरून कुठे येऊन पोहोचलो, हे त्या सगळ्या शिकलेल्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नाही. अन्विताच्या आलं, पण तिची बोलायची वेळ निघून गेली होती.

उत्पलाने खोली बदलली. सामान तिने एकटीनेच नेलं. अन्विताची एक ओढणी तिच्या कपड्यांत गेली होती, ती धुऊन, इस्त्री करून, दाराच्या कडीला अडकवून गेली.

पुढच्या बुधवारी अन्विताने आलं खाल्लं नाही. ती जेवणघरात आली. सगळ्या टेबलांवर दोघींत एक अशी ताटं मांडली होती. खिडकीजवळच्या लांब टेबलावर मात्र प्रत्येकीपुढे एकेक ताट होतं, आणि तिथे उत्पला आणि तिच्यासारख्या सवलतीच्या मुली बसल्या होत्या. त्यातल्या काही मुली तर आदल्या बुधवारपर्यंत आपापल्या सोबतिणींबरोबर हसत एकताटात जेवत होत्या.

अन्विता उत्पलाच्या समोर जाऊन उभी राहिली. “मी आज काही खाऊन आले नाहीये. मला तुझ्या ताटात जेवू दे. तांबडा आला तरी येऊ दे. सगळ्यांना दाखवीन.”

“सवलत मिळाली आहे मला,” उत्पला म्हणाली. “तूच मिळवून दिलीस.”

“उत्पला, मी चुकले. मी सांगणार होते, पण...”

“हळू बोल, बघायलेत सगळे.” उत्पलाचा आवाज चढलेला नव्हता. “तुला एक सांगू? भीती नव्हती मला कधी. एकटी आले गावाहून, दारोदार खोली मागत हिंडले, कुणी तोंडावर दार लावलं तर पुढच्या दारी गेले. राग यायचा, रडू यायचं, पण भ्याले नाही. त्या शनिवारी भ्याले. तू बोलायलीस अन् सगळे रडायलेत. तू माझ्याबद्दल काहीबी सांगशील अन् लोक ते खरं मानतील, अन् मला वरून ‘हो’ म्हणावं लागंल, हे मला माहीतच नव्हतं. आता वाटती भीती. तुझी.”

तिने ताट स्वतःकडे ओढलं आणि खाली मान घालून जेवायला लागली.

अन्विता तिथेच उभी राहिली. कुठेतरी नाहीसं व्हावं असं तिला वाटत होतं, आणि आजूबाजूच्या टेबलांवरून पहिल्या वर्षाच्या मुली तिच्याकडे कौतुकाने बघत होत्या. त्यांतल्या एकीने तिचा फोटो घेतला: सवलतीच्या टेबलापाशी, डोळ्यांत पाणी आणून, वाकून उभी असलेली अन्विता, आणि समोर मान खाली घालून जेवणारी उत्पला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो विद्यापीठाच्या पानावर चढला. खाली लिहिलं होतं, ‘आपली अन्विताताई भीती घालवायला स्वतः त्यांच्या टेबलापाशी जाते.’ हजारोंनी तो बघितला. पुण्याहून आईचा फोन आला. आजोबा असते तर त्यांना केवढा अभिमान वाटला असता, असं ती म्हणाली. अन्विता “हं” म्हणाली. फोटो काढून टाका, एवढं एकच वाक्य तिला रेक्टरना लिहायचं होतं. ते तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवलं नाही.